मानसिक आरोग्य उपक्रमाच्या निधीसाठी चौकशीपत्र

चौकशीपत्र म्हणजे पूर्ण प्रस्ताव नव्हे. प्रस्ताव पाठवू का, एवढेच विचारणारे एक-दोन पानी पत्र. कंपनी कायदा 2013, कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. अनुसूची 7 मध्ये प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा आहे. वसतिगृहातील समुपदेशन तिच्यात बसते.

पहिल्याच परिच्छेदात रक्कम, कालावधी, लाभार्थी लिहा. माझ्या पहिल्या पत्रात रक्कम तिसऱ्या पानावर होती. उत्तर आले नाही. ‘विद्यार्थी तणावात आहेत’ एवढे पुरत नाही. किती विद्यार्थ्यांमागे किती समुपदेशक आहेत, टेलिमानसचा 14416 क्रमांक असूनही गरज का उरते, ते सांगा. मात्र कोणा विद्यार्थ्याची हकीकत घालू नका, नाव बदलूनही नाही. छोट्या कॉलेजात माणूस ओळखू येतोच.