दारापर्यंतचा काँक्रीटचा रस्ता : पाणी कुठे रोखावे, कुठे द्यावे

गोरेगावचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले ते दुधामुळे. मुंबई शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली तेथे आरे दूध वसाहत स्थापन झाली. याच वसाहतीत २०२५ साली एका रस्त्याचे काँक्रीटीकरण चालू असताना महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी गाडीतून आलेला माल तपासला. काँक्रीट कारखान्यातून निघताना जेवढे ओले होते आणि कामावर पोहोचल्यावर जेवढे ओले भरले, त्यांत मेळ बसेना. पालिकेने ठेकेदाराला दोन वर्षे निविदा भरण्यास मनाई केली आणि काँक्रीट पुरवणाऱ्या कारखान्यावरही कारवाई केली.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या रस्त्याशी आमचा काय संबंध? संबंध असा, की डांबरी सडकेपासून घराच्या ओट्यापर्यंत काँक्रीटचा पट्टा करून घेण्याची हौस आता गावोगाव आली आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतत नाही, दुधाचे कॅन घेऊन जाणारी मोटारसायकल घसरत नाही, म्हातारी माणसे चिखल न तुडवता बाहेर पडतात. खर्च मात्र दोन-तीन हंगामांच्या बचतीचा. आणि तुमच्या दारात तपासायला पालिकेचा अधिकारी येणार नाही. तो तुम्हालाच व्हायचे आहे.

आरेत जी तपासणी झाली तिला ‘स्लम्प’ म्हणतात. एक फूट उंचीच्या, वर निमुळत्या पत्र्याच्या नळकांड्यात ओले काँक्रीट भरतात, सळईने ठासतात, नळकांडे सरळ वर उचलतात आणि ढीग किती खाली बसला ते मोजतात. जास्त बसला तर बहुधा पाणी जास्त झाले असे समजावे. तुमच्याकडे नळकांडे नसले तरी हात आहेत. माल मुठीत घेऊन दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

एवढा पाण्याचा बाऊ कशासाठी? सिमेंटला घट्ट होण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्साच पाणी खरोखर लागते. थोडे जास्त घालावे लागते ते माल हलवता यावा म्हणून. त्यापुढचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक भोके ठेवते. रस्ता वरून छान दिसतो, पण दुसऱ्या पावसाळ्यात त्याची भुकटी सुटू लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या मिश्रणात ५० किलोच्या गोणीला ३० लिटरपेक्षा अधिक पाणी नको, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा जातो, म्हणून कुणाचे लक्ष नाही असे पाहून मिक्सरमध्ये पाइप सोडला जातो. तयार काँक्रीटची गाडी मागवलीत तरी हेच. गाडीबरोबरच्या चिठ्ठीवर निघाल्याची वेळ असते. पाणी घातल्यापासून दोन तासांच्या आत माल ओतून झाला पाहिजे, आणि दारात चालकाला वरून पाणी घालू देऊ नका.

आता ठेकेदार कसा निवडावा? त्याचे नवे काम पाहण्यात अर्थ नाही, नवे सगळेच छान असते. दोन पावसाळे खाल्लेले काम दाखव म्हणावे, आणि त्या घरच्या माणसाशी ठेकेदाराच्या मागे बोलावे. काम मालासकट की नुसते मजुरीवर, हे आधी ठरवा. नात्यातला किंवा गावातला असला तरी साध्या कागदावर लिहून सही घ्या. लांबी, रुंदी, जाडी, सिमेंट कोणते, मिश्रण काय, जोड किती फुटांवर, पाणी किती दिवस आणि कोणी मारायचे, हे सारे त्यात यावे. उचल चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये. शेवटचा दहावा हिस्सा २८ दिवसांनंतरच द्यावा, कारण काँक्रीटची ताकद तेव्हाच मोजतात. काम मोठे असेल तर ओतताना सहा इंची ठोकळे भरून घ्या. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत ते फोडून पाहतात.

हिशेब तुमचा तुम्हाला यायला हवा. १० फूट रुंद, ६० फूट लांब आणि ६ इंच जाड पट्टा म्हणजे ३०० घनफूट, अर्थात ३ ब्रास काँक्रीट. वरच्या मिश्रणाने त्याला ६५ ते ७० गोण्या सिमेंट लागते. कोणी ४० गोण्यांत करून देतो म्हणाला तर दर स्वस्त नाही, रस्ता पातळ आहे. नुसत्या मोटारीला ४ इंच जाडी चालते, पण भरलेली उसाची ट्रॉली येणार असेल तर ६ इंचांखाली जाऊ नका. जाडी कडेला मोजू नये. कडेला फळ्या पुऱ्या उंचीच्या असतात आणि मध्ये मुरूम फुगवून ठेवलेला असतो! एका फळीपासून दुसरीपर्यंत दोरी ताणून, मधोमध दोरीपासून जमिनीपर्यंत पट्टी लावावी. ओतण्याच्या आधी, नंतर नव्हे.

जमीन काळी असेल तर ती उकरून टाकून मुरूम भरणे भागच आहे. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या पट्ट्याला सोबत घेऊन जाते. मुरूम थराथराने पाणी मारून, रोलरने किंवा धुम्मसाने दाबावा. याच वेळी पट्ट्याखालून दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. उद्या नळाची जोडणी किंवा मोटारीची केबल न्यायची झाली तर रस्ता फोडायला नको. झाडाच्या बुंध्याभोवती तीन फूट मोकळे सोडा. रुंदीत दोन इंच उतार द्या, तोही घराकडून बाहेर. दर बारा फुटांवर जोड हवा आणि त्याची चीर दुसऱ्या दिवसापर्यंत दीड-दोन इंच खोल पडलेली हवी. आपण चीर दिली नाही तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने वाकडीतिकडी घेते. वरून कोरडे सिमेंट भुरभुरून आरशासारखे घोटू देऊ नका. खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पावसात बैलाचा पाय सरकत नाही.

इथवर पाणी रोखायचे होते, आता उधळायचे. काँक्रीट घट्ट होताच कडेने मातीचे बांध घालून वाफे करा आणि पाणी साठवा, भाताच्या खाचरासारखे. सध्या बाजारात मिळणारे बरेच सिमेंट राखमिश्रित असते, त्याला १४ दिवस ओल हवी. ठेकेदाराचा माणूस तीन दिवसांनी दिसेनासा होतो, म्हणून हे काम घरच्यांनीच अंगावर घ्यावे. भगिनींनो, बहुतेक ते तुमच्यावर येईल, तेव्हा टंचाईत ओली पोती अंथरा आणि ती दिवसातून तीन-चारदा भिजवा. वैशाखात काम काढूच नये. सात दिवस गुरे-गाडी बंद, भरलेली ट्रॉली २८ दिवस बंद.

पुढची निगा थोडीच आहे. दर उन्हाळ्यात जोडांतली माती खरवडून गरम डांबर आणि बारीक वाळू भरावी. भेग दिसली की साफ करून तशीच बुजवावी, कारण आत पाणी गेले तर खालचा मुरूम वाहून जातो. अमोनियम सल्फेटच्या किंवा दुसऱ्या खताच्या गोण्या पट्ट्यावर उघड्या ठेवू नका, सांडलेले खत ओल लागताच काँक्रीट खाऊ लागते. गोठ्याचे मूत्रही त्यावरून वाहू देऊ नये, वेगळी नाली काढावी. चिखलणीची लोखंडी चाके शेताच्या बांधावरच काढून ठेवावीत. श्रावणात शेवाळ धरले तर ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने घासून काढावे, आणि ते पाणी गुरांच्या हौदाकडे जात नाही ना, तेवढे पाहावे.