सायकलला घंटी कोणती घ्यावी?

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना मागून आलेल्या सायकलचा धक्का बसला. ‘मी घंटी वाजवली होती,’ असे सायकलवरचा मुलगा सांगत होता. ‘मुळीच वाजली नाही,’ असे गुरुजी. दोघेही खरेच बोलत असावेत.

वय वाढते तसे सगळेच आवाज सारख्या प्रमाणात ऐकू येईनासे होत नाहीत. आधी जातात ते उच्च वारंवारतेचे, म्हणजे बारीक आवाज. मुलाने हौसेने घेतलेली छोटी, नाजूक किणकिणणारी घंटी त्याच्या स्वतःच्या कानाला छान वाटते. ज्यांच्यासाठी ती वाजवायची, त्यांच्यापर्यंत मात्र पोचतेच असे नाही.

घंटीचा स्वर तिच्या वाटीवर अवलंबून असतो. आकार आणि पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वारंवारता साधारण एक चतुर्थांश होते. उलट व्यास तोच ठेवून जाडी दुप्पट केली, तर वारंवारता जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा आमची पसंती मोठ्या वाटीला.

बहुतेक घंट्यांची वाटी आट्यांवर फिरवून काढता येते. (शाळेच्या सायकल-स्टँडवर हा प्रयोग आपल्या नकळत अनेकदा होतो!) मधल्या भोकातून दोरा ओवून, गाठ मारून वाटी टांगा आणि कडेवर चमच्याने हलकेच टोला द्या. नाद बराच वेळ टिकतो. आता कडेला बोट लावा. आवाज तत्काळ थांबतो. मध्यभागी बोट लावले तर फारसा फरक पडत नाही. कारण वाजताना वाटीची कड क्षणभर एका दिशेने लंबगोल होते, लगेच तिच्याशी काटकोनातल्या दिशेने. मध्य जवळजवळ स्थिर राहतो. म्हणूनच वाटी मध्यावर बसवतात.

एका टोल्याच्या घंटीचा नाद शांत गल्लीत गोड वाटतो. रहदारीत मात्र जुनी ‘ट्रिंग ट्रिंग’ बरी. तिच्यात अंगठ्याने खटका दाबला की दातेरी चाके फिरतात आणि सैल चकत्या वाटीला आतून भराभर टोले देतात. त्यातला एखादा टोला गोंगाटात हरवला, तरी दुसरा ऐकू येतो.

दुकानात घंटी स्वतः वाजवून पाहण्याऐवजी दुसऱ्याला वाजवायला सांगावी आणि आपण, शक्य तर आजोबांना बरोबर घेऊन, रस्त्याच्या कडेला दूर उभे राहावे. हँडलवर बसवल्यावर ब्रेकची तार किंवा दांडी वाटीच्या कडेला टेकत नाही ना, तेही पाहावे. टेकली तर चांगली घंटीही नुसती ‘खट्’ वाजते.