रायगड म्हणजे नक्की कुठला रायगड?

नकाशाच्या शोधपट्टीत कुणीतरी ‘रायगड’ एवढंच लिहितं. लिहिणारा पाचाडला गाडी लावून उभा असेल, तर त्याला चित दरवाजाच्या पायऱ्या कुठून सुरू होतात ते हवं असतं. सोबत गुडघे धरलेली आई असेल तर हिरकणीवाडीचा रोपवे. पुण्यात शुक्रवारी रात्री हाच शब्द लिहिणाऱ्याला रस्ता आणि लागणारा वेळ बघायचा असतो. अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरून ‘रायगड कलेक्टर ऑफिस’ शोधणाऱ्याचं तर गडाशी काहीच काम नसतं. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, मुख्यालय मात्र अलिबागलाच राहिलं. आणि हेच नाव इंग्रजी अक्षरांत घाईघाईने टाइप केलं, की थेट छत्तीसगडमधलं रायगढ दारात येऊन उभं राहतं.

मग नकाशाचं उत्तर बरोबर आलं की चूक, हे ठरवतं कोण? मोठ्या शोधसेवा त्यासाठी माणसं लावतात, बहुधा कंत्राटावर. परीक्षकापुढे चार गोष्टी येतात : काय शोधलं, शोधणारा कुठे होता, त्याच्या पडद्यावर नकाशाचा कोणता भाग उघडा होता, आणि यंत्राने काय काय दाखवलं. प्रत्येक निकालाला ‘नेमकं हेच हवं होतं’पासून ‘अगदीच गैरलागू’पर्यंतच्या पायऱ्यांवर बसवायचं. काम कंटाळवाणं वाटेल, पण तीन शब्दांवरून अनोळखी माणसाच्या मनातलं ओळखायचं आहे, हे विसरून चालत नाही.

या कामाची मुळं इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या विमानविद्या महाविद्यालयात सापडतात. तिथले ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६०च्या दशकात सुमारे १,४०० शोधनिबंध आणि त्यांवर विचारायचे प्रश्न असा संच जमवला, आणि कुठला निबंध कुठल्या प्रश्नाला किती उपयोगी हे माणसांकडून ठरवून घेतलं. गंमत अशी, की प्रश्न ज्या संशोधकांनी विचारले होते त्यांनीच शेवटचा निवाडा दिला. नकाशाच्या परीक्षकाला ही चैन नाही. प्रश्न विचारणारा कधीच पुढे निघून गेलेला असतो.

स्थानिक निकाल लावताना संबद्धता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहतो, असं गूगल स्वतःच सांगतं. यांत सर्वांत फसवं अंतर. एटीएम दोन किलोमीटरवर दाखवलं आणि कोपऱ्यावरचं राहिलं, तर उत्तर वाईट. पण मूत्रपिंड प्रत्यारोपणाचं रुग्णालय शोधणाऱ्याला कोपऱ्यावरचा दवाखाना दाखवणं त्याहून वाईट; तो माणूस दुसऱ्या शहरातही जाईल. म्हणजे ‘जवळ’ किती जवळ, हे शोधलेल्या वस्तूवर ठरतं. मैलांचा एकच नियम लावून गुण देणारा परीक्षक माझ्या मते पट्टी घेऊन बसलेला कारकून आहे.

पुणे जिल्ह्यातलं ‘वडगाव’ घ्या. सिंहगड रस्त्याच्या बाजूला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, नगर रस्त्याकडे वडगाव शेरी, आणि तळेगावच्या पुढे, १७७९च्या तहामुळे इतिहासात गेलेलं वडगाव मावळ. बोलताना सगळे नुसतं ‘वडगाव’ म्हणतात, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. खराडीतून शोधलं तर शेरी वर यावं, धायरीतून शोधलं तर बुद्रुक किंवा खुर्द. इथवर सोपं. पण धायरीतल्या माणसाने नकाशा बोटाने सरकवत तळेगावपर्यंत नेला असेल आणि मग ‘वडगाव’ लिहिलं असेल, तर? मी मावळलाच पहिले गुण देईन. माणूस कुठे बसला आहे यापेक्षा त्याने मुद्दाम कुठे पाहिलं, याला जास्त वजन हवं. मात्र तो नकाशा सकाळपासून तसाच उघडा पडला असेल, तर पारडं पुन्हा धायरीकडे झुकतं.

नावं बदलतात तेव्हा वेगळाच घोळ. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. जुनं नाव लिहिणाऱ्याला प्रभादेवी दाखवलं तर पूर्ण गुण. ‘औरंगाबाद’ लिहिणाऱ्याला छत्रपती संभाजीनगर दाखवणंही योग्यच, फक्त शोधणारा बिहारमध्ये नसावा, कारण त्या नावाचा जिल्हा तिथेही आहे. ‘गोवा एअरपोर्ट’चं उत्तर २०२३च्या जानेवारीपासून एक उरलेलं नाही. दाबोळीसोबत मोपाही सुरू झालं, आणि ही दोन्ही एकमेकांपासून बरीच दूर. इथे एकच उत्तर ठामपणे देणारा नकाशा मला धोकादायक वाटतो. दोन्ही दाखवावीत आणि निवड तिकीट हातात असलेल्याने करावी.

ठिकाण बरोबर आणि पिन चूक, हा प्रकार तर रोजचा. राजगडाची पिन बालेकिल्ल्यावर टोचली तर नकाशाशास्त्राच्या दृष्टीने ती निर्दोष. पण गाडी घेऊन निघालेल्याला गुंजवण्याचा किंवा पालीचा पायथा हवा असतो. महामार्गावरच्या ढाब्याची पिन दुभाजकाच्या पलीकडे पडली, तर पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत या. म्हणूनच निकाल लागू आहे का आणि त्याची माहिती अचूक आहे का, या दोन प्रश्नांचे गुण वेगळे ठेवतात.

एवढं करून दोन परीक्षकांचं एकमत होतं का? फारसं नाही. अमेरिकेतल्या ‘ट्रेक’ या १९९२ पासून चाललेल्या उपक्रमात एलेन व्होरहिस यांनी हे तपासलं. दोघांनी ‘लागू’ ठरवलेल्या कागदपत्रांत समाईक भाग निम्म्याहूनही कमी निघाला, पण त्या गुणांवरून लावलेली शोधयंत्रांची क्रमवारी मात्र जवळजवळ तीच राहिली. वाद एकेका निकालाचा, कौल हजारोंच्या बेरजेचा. बेरीज करतानाही जागेचा मान राखतात : प्रचलित सूत्रात पहिल्या जागेवरच्या निकालाचे गुण पूर्ण धरतात, तिसऱ्या जागेवर निम्मे आणि सातव्यावर एकतृतीयांश. आपणही पहिल्या दोन-तीन नावांपुढे कुठे जातो?

आता हे गुण देण्याचं काम भाषिक एआयकडे सोपवण्याचे प्रयोग चालू आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ते बिंगसाठी करून पाहिलं. रायगड, राजगड आणि रायगढ वेगळे हे यंत्र चटकन ओळखतं. अडतं ते तालुक्याच्या गावी रात्री साडेदहाला ‘मेडिकल’ शोधणाऱ्यापाशी. दुकानाला वेबसाइट नाही, वेळ कुणीतरी अंदाजाने भरलेली, आणि शटरवर रंगवलेला मोबाइल नंबर हाच काय तो भरवशाचा पुरावा. ‘उघडं आहे’ असं सांगणारा निकाल नाव, अंतर, प्रकार या सगळ्या कसोट्यांवर उतरतो, आणि तापलेल्या पोराला घेऊन निघालेला बाप बंद दुकानापुढे पोहोचतो. अशा निकालाला किती गुण द्यायचे यावर परीक्षक भांडतात. मी शून्य देईन.