मुकुटाची चांदी

पैंजणांचे तुकडे, जोडवी, बाळाचे वाळे, करदोट्याची एक तुटकी कडी. श्रीरामपूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या कॅथलिक बायकांनी पवित्र मरियेच्या पुतळ्याला मुकुट करायचा म्हणून ही चांदी जमवली होती. नगरच्या सराफ बाजारातल्या कारागिराने ती काट्यावर ओतली, आकडा वाचला आणि फादरांना म्हणाला, “हे सगळं चांदीचं वजन नाही. डाग किती आहे ते मुशीत कळेल.”

डाग म्हणजे जोडकामाचा हिणकस धातू. जुन्या पैंजणात कडीगणिक तो असतो. मुशीत चांदी वितळली, टाकणखार आणि चिमूटभर सोरा पडला, तसा मळ वर तरंगला. लगड निघाली ती फिकट पिवळसर. कस उतरलेली चांदी हातोडीखाली चिरते, म्हणून थोडी शुद्ध चांदी विकत घेऊन तिच्यात मिसळावी लागली. दानाची चांदी जशीच्या तशी देवाच्या डोक्यावर चढते अशी समजूत असेल, तर एकदा भट्टीजवळ बसावं.

या कारागिराचा हात टाकांवर बसलेला. खंडोबा, भैरोबा, कुलदेवीचे टाक, गणपतीचे मुकुट, देवळांचे मुखवटे. ख्रिस्ती काम क्वचितच येतं, आणि त्यालाही कारण आहे. नगरात अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं, ते प्रॉटेस्टंट. त्यांच्या चर्चमध्ये मूर्तीला जागाच नाही. जिल्ह्यातली मूर्तीची भक्ती कॅथलिकांची. तिचं मोठं ठिकाण हरेगाव. साखर कारखान्याच्या या गावात 1949 साली मतमाउलीची यात्रा सुरू झाली आणि मरियेच्या जन्मदिनाच्या, 8 सप्टेंबरच्या, सुमारास अजूनही तिथे गर्दी लोटते.

पत्रा तयार झाला आणि खरं काम सुरू झालं. राळ, विटकरीची पूड आणि तेल यांचा घट्ट लगदा लाकडी पाटावर थापलेला. तो गरम करून त्यावर पत्रा चिकटवायचा, उलट्या बाजूने. उठाव हवा तिथे मागून ठोकायचं. राळ हातोडीपुढे दबते, पण पत्र्याला सोडत नाही. ठसे शंभरेक असतील, तरी हातात आलटून पालटून सहा-सातच: एक गोल तोंडाचा, एक चपटा, एक पाकळीसाठी, एक रेघ ओढायचा. ठोके हलके आणि एका लयीत. थोड्या वेळाने ठोक्याचा आवाज बदलतो, कोरडा होतो. चांदी कडक झाली. मग पत्रा राळेतून सोडवायचा, चिकटलेली राळ जाळायची, मंद लाल होईतो ताव द्यायचा, पाण्यात विझवायचा आणि पुन्हा चिकटवायचा. एका लिलीच्या फुलाला असे किती ताव लागले, मी मोजायचं सोडून दिलं. सगळा उठाव मागून आला की पत्रा पालटतात आणि पुढून कडा धारदार करतात. साच्यात दाबून काढलेले मुकुट बाजारात पुष्कळ मिळतात, स्वस्तही पडतात. त्यांच्या पाकळ्या मात्र सगळ्या एका दिवशी उमललेल्या. हाताच्या कामात तिसरी पाकळी दुसरीपेक्षा थोडी आळसावलेली असते, आणि मला तीच बघायला आवडते.

नक्षीवर चर्चा झाली. कारागिराने सवयीने वर नागफणा काढला होता. फादरांनी हसून तिथे क्रूस काढून दिला. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या स्त्रीच्या मुकुटाला बारा तारे आहेत, म्हणून बारा हवेत. “समोरून सातच दिसतील, फादर.”

“तरी बाराच करा.”

परधर्मीयाने असं काम करावं का, हा प्रश्न गोव्यात फार पूर्वी पडला होता. 1567 च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने चर्चच्या मूर्ती आणि उपकरणांची कामं हिंदू कारागिरांना देण्यावर बंदी घातली. बंदी कागदावर राहिली. हात होते ते त्यांचेच. तिथल्या बॉम जीझस चर्चमधली संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी 1636-37 मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. कल्पना आणि पुढाकार मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाचा, जो त्याच वर्षी, 1637 मध्ये, नागासाकीत मारला गेला. संताच्या आयुष्यातले बत्तीस प्रसंग तिच्यावर आहेत. तिच्याखालची संगमरवर आणि जास्परची बैठक फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीची, 1698 मध्ये बसवलेली. लोक बैठकीची तारीफ करतात, मार्गदर्शकही. बैठकीला कर्त्याचं नाव आहे; वरच्या पत्र्यावर ज्यांनी ठोके घातले त्यांचं नाही. मी तिथे मान वर करून उभा होतो तेव्हा पेटी फार उंचावर असल्याने उठावाचं काम नीट दिसेना. नगरात राळेच्या पाटाशेजारी बसल्यावर ते कसं झालं असेल, हे बरंचसं कळलं.

मापाचा प्रश्न शेवटपर्यंत छळत राहिला. मरियेच्या डोक्यावर पदर, आणि मान पुढे झुकलेली. गणपतीचा मुकुट सरळ बसतो. हा पुढे घसरणार. कारागिराने पदरावरून कागदी पट्टी फिरवून माप आणलं होतं. त्याने मुकुटाचा मागचा काठ खाली ओढला, पुढचा उचलला आणि आतून एक छोटी पितळी खुंटी डाग देऊन बसवली. प्लास्टरच्या पुतळ्याला भोक पाडायला फादर आधी तयार नव्हते. मुकुट दोनदा ओघळल्यावर झाले.

रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने उजाळा दिल्यावर तारे चमकले. न्यायला आलेल्या बायकांतली एक, बहुधा जोडव्यांची मालकीण, मुकुट फिरवून फिरवून बघत होती.

“दादा, काळा पडला तर?”

“पडणारच. टूथपावडर लावू नका ताई, उठाव झिजतो. रिठा भिजवा, मऊ फडकं घ्या. आणि खुंटीच्या बाजूने उचला, क्रूसाला धरून नाही.”

फादरांनी ते पावतीच्या मागे लिहून घेतलं.