एकच दर्जा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपयांचं, तेही उसनं. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी पेटवायची!

या गृहिणींचा उद्योग म्हणजेच ‘लिज्जत’ पापड. त्याच्या यशामागची शिस्त तेव्हापासूनची आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, हलका माल स्वस्तात विकायचा म्हणून. मार्गदर्शक छगनलाल पारेख ऊर्फ छगनबापा यांनी ते थांबवायला लावलं. प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. उद्योग टिकला त्याचं मोठं श्रेय या आग्रहाला द्यायला हवं.

आजही पीठ शाखेत मळलं जातं. लाट्या घरी नेऊन बहिणी, म्हणजे ‘लिज्जत’च्या सभासद स्त्रिया, पापड लाटतात, वाळवतात आणि शाखेत आणून देतात. तिथे माल तपासून, तोलूनच मजुरी मिळते.

इथे मालकीण एकटी कुणी नाही. प्रत्येक बहीण सहमालक, नफ्यातोट्याची वाटेकरी. शाखा सांभाळणारी संचालिकाही त्यांच्यातलीच.

सात संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.