ब्रेकचे काय बदलावे, काय ठेवावे?

फळ्यावर लिहिताना खडू झिजतो; फळा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. एकमेकांवर घासणाऱ्या दोन वस्तूंपैकी जी स्वस्त आहे आणि सहज बदलता येते ती आधी झिजावी, अशी योजना माणसाने अनेक ठिकाणी केली आहे. मोटारीचा ब्रेक हे तिचे उत्तम उदाहरण. फरक इतकाच, की खडू संपला तर लिहिणे थांबते; ब्रेक संपला तर मोटार थांबत नाही! म्हणून ब्रेक दुरुस्त करताना कोणता भाग टाकायचा आणि कोणता पुन्हा वापरायचा, हे अंदाजाने ठरवून चालत नाही. ते कसे ठरवतात, ते पाहू या.

वेग जातो कोठे?

१,००० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा किती? १/२ × १,००० × २० × २० = २,००,००० ज्यूल. मोटार ब्रेक लावून थांबवली की यातली बहुतेक सर्व ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत बदलते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ४८ अंश सेल्सिअसने वाढेल! वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, हेही लक्षात ठेवा. तेव्हा ब्रेक म्हणजे नुसती पकड नव्हे. ते गतीची उष्णता करणारे आणि ती हवेत सोडणारे यंत्र आहे.

डिस्क ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्टीवर घर्षणद्रव्याचा थर बसवलेले दोन पॅड असतात. त्यांना धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. पायाने पेडल दाबले की नळीतील ब्रेक ऑइलवर दाब पडतो आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे तो कॅलिपरमधील दट्ट्यापर्यंत पोचतो. मुख्य सिलिंडरचा व्यास २० मि.मी. आणि कॅलिपरमधील दट्ट्याचा ५० मि.मी. असेल, तर बल सव्वासहा पट होते.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि ते कर्कश आवाज करीत. योग्य घर्षणद्रव्य मिळाल्यावरच ही कल्पना खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली, आणि त्यानंतर हे ब्रेक झपाट्याने पसरले.

झिजण्यासाठीच केलेला भाग

पॅड हा आपला खडू. नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा थर साधारण १० मि.मी. असतो. तो २ ते ३ मि.मी. उरला की पॅड बदलतात. थर पूर्ण संपू दिला तर पोलादी पट्टीच डिस्कवर घासू लागते. मग मोटार नीट थांबत नाही आणि चांगली डिस्कही खरवडून निघते. कित्येक पॅडना एक छोटी पोलादी जीभ असते. थर कमी झाला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. तो आवाज म्हणजे इशारा होय. एका बाजूचा पॅड कमी झिजलेला दिसला तरी डाव्या व उजव्या चाकांचे पॅड एकदमच बदलतात. नाही तर दोन्ही बाजूंचे घर्षण असमान होऊन मोटार एका बाजूला ओढली जाईल.

पॅड झिजतात तसा दट्ट्या पुढे सरकतो आणि त्याच्या मागची जागा ब्रेक ऑइल भरून काढते. म्हणून कोठेही गळती नसताना डब्यातील ऑइलची पातळी हळूहळू उतरते. नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलला की ती पुन्हा चढते.

ठेवावयाचा भाग : पण मोजून

डिस्क पॅडपेक्षा पुष्कळ टिकते. ती पुन्हा वापरता येते. मात्र किती वेळा? याचे उत्तर बहुधा डिस्कवरच कोरलेले असते : किमान जाडी. समजा, नवी डिस्क २२ मि.मी. जाड आहे आणि किमान जाडी २० मि.मी. आहे. मोजमाप २१ आले तर डिस्क ठेवावी, १९.८ आले तर ती कितीही गुळगुळीत दिसो, टाकावी.

येथे एक गंमत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअरने ही जाडी मोजली तर चूक होण्याचा संभव असतो. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे कडेला न झिजलेला उंच काठ उरतो, आणि व्हर्निअरचे जबडे त्या काठावरच टेकतात. म्हणून कारागीर स्क्रू गेज वापरतात आणि काठाच्या आत, डिस्कच्या अनेक ठिकाणी जाडी मोजतात. जाडी जागोजागी वेगळी असेल तर ब्रेक लावताना पेडल थरथरते.

पण जाडीला एवढे महत्त्व का? समजा, पुढच्या दोन डिस्क मिळून १० किलोग्रॅम आहेत आणि मघाची सगळी उष्णता त्यांनाच मिळाली. त्यांचे तापमान सुमारे ४३ अंशांनी वाढेल. त्या झिजून ९ किलोग्रॅम झाल्या तर तीच वाढ सुमारे ४८ अंश होईल. फरक लहान वाटतो. पण घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो आणि मधल्या काळात डिस्क पुरेशी थंड होत नाही. तेव्हा हे अंश साठत जातात. शिवाय पातळ डिस्कला तडा जाण्याची भीतीही अधिक.

न झिजता म्हातारे होणारे भाग

काही भाग झिजत नाहीत, पण वयाने निकामी होतात. दट्ट्याभोवतीचे रबरी कडे त्यांपैकी एक. पेडल दाबताना ते किंचित वाकते आणि पाय काढताच पूर्ववत होऊन दट्ट्याला केसभर मागे ओढते. रबर कडक झाले की ही लवचीकता जाते आणि पॅड डिस्कला घासत राहतात. कॅलिपर उघडल्यावर त्याचे घर आणि खड्डे न पडलेला दट्ट्या पुन्हा वापरतात. रबर मात्र नवेच घालतात.

दुसरा भाग म्हणजे ब्रेक ऑइल. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. ‘डॉट ३’ या प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डिस्क तापून ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल खाली जाते आणि ब्रेक लागतच नाही! म्हणून अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी ऑइल बदलावयास सांगतात. बाहेर काढलेले जुने ऑइल स्वच्छ दिसले तरी पुन्हा भरू नये.

ब्रेकची धूळ फुंकू नये, हेही सांगावयास हवे. विसाव्या शतकात ब्रेकच्या अस्तरांत दीर्घकाळ ॲस्बेस्टॉस वापरले जात होते. त्याचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर रोग आणि कर्करोग होतात.

मोटारीचे ब्रेक उघडणे हे अनुभवी कारागिराचेच काम आहे. पण तुमची सायकल तर हाताशी आहे ना? तिच्या ब्रेकचे रबरी ठोकळे पाहा. खाचा असतील तर त्या किती खोल उरल्या आहेत? ठोकळे दोन्हीकडे सारखे झिजले आहेत का? चाकाच्या कडेला चर पडला आहे का? वायरचा एखादा धागा तुटला आहे का? यांतला कोणता भाग झिजण्यासाठी केला आहे, कोणता टिकण्यासाठी आणि कोणता केवळ वयाने खराब होतो, याचा तक्ता वहीत करा. जेथे मोजता येईल तेथे मोजून आकडा लिहा.