पेशी-पेशीची झडती

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चाललं आहे याचा पुरावा सतत बाहेर मांडत असते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, बरेचदा जेमतेम नऊ अमिनो आम्लांचे, एमएचसी नावाच्या रेणूत बसून तिच्या पृष्ठभागावर येतात. गस्तीवरच्या टी पेशी ते चाचपतात. तुकडा घरचा असेल तर पुढे सरकतात. विषाणूचा निघाला तर त्या पेशीला मारतात.

१९८७ मध्ये हार्वर्डला पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने एमएचसीची रचना उलगडली. माथ्यावर दोन मळसूत्री भिंती, मधे खोबण. आणि त्या खोबणीत कुणीही न घातलेलं काहीतरी अडकलेलं! पेशींनी मांडलेले तुकडेच होते ते, स्फटिक तयार होईपर्यंत चिकटून राहिलेले.

पण टी पेशी ते वाचते कशी? १९९६ मध्ये स्क्रिप्स संस्थेत क्रिस गार्सिया आणि इयन विल्सन यांनी टी पेशीच्या रिसेप्टरची, म्हणजे हे तुकडे चाचपणाऱ्या तिच्या रेणूची, रचना मिळवली. तो खोबणीवर तिरका टेकतो, म्हणजे तुकडा आणि भिंती दोन्ही एकदमच चाचपतो. पकड मात्र कमालीची सैल, बहुधा काही सेकंदांची. तेवढ्यात जीवन-मरणाचा निर्णय होतो, हे मला अजूनही थक्क करतं.

गार्सिया पुढे स्टॅनफर्डला रचना बदलण्याकडे वळले. टी पेशींची वाढ करणारं इंटरल्युकिन-२ कर्करोगावर औषध म्हणून वापरतात, पण मोठ्या मात्रेत ते नको त्या पेशींनाही चेतवतं. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून फुफ्फुसांपर्यंत जातो. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने उंदराच्या टी पेशींवरच्या इंटरल्युकिन-२ च्या रिसेप्टरची पाचशेहून जास्त अमिनो आम्लांची साखळी घेतली आणि त्यातली फक्त दोन अमिनो आम्लं बदलली. नैसर्गिक इंटरल्युकिनला हा रिसेप्टर ओळखेनासा झाला. मग यीस्टच्या असंख्य पेशींवर इंटरल्युकिनची वेगवेगळी रूपं उगवली आणि त्यातून बदललेल्या रिसेप्टरला बिलगणारी तेवढीच वेचून काढली. उंदरांना ती दिल्यावर मुख्यतः बदललेल्या टी पेशीच वाढल्या. अशा जोडीच्या माणसांवरच्या चाचण्याही आता सुरू झाल्या आहेत.